भरतीच्या वेळेलाच घर दाखवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी चहा घेता घेता तुमच्या पेपरची प्रॉपर्टीची पुरवणी चाळत होते आणि एका चौकटीत मला माझंच घर दिसलं. 'माहीम पश्चिम, सी फेसिंग टू बीएचके, ९५० चौ. फूट, कव्हर्ड पार्किंग, रिडेव्हलपमेंट फायनल स्टेजला, मेट्रो दोन मिनिटांवर, त्वरा करा.' खाली एजंटचा नंबर आणि बाजूला गच्चीवरून काढलेला सी लिंकचा फोटो, त्या फोटोच्या कोपऱ्यात आमच्या पाण्याच्या टाकीचं निळं झाकण, म्हणून तर ओळखलं.

घर मी विकायला काढलंय हे खरं आहे. माहीमला आहे, दोन बेडरूमचं आहे, हेही खरं. बाकी त्या चौकटीतलं काही मी सांगितलेलं नाही आणि ते खरंही नाही. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम असंच लिहावं लागतं, सगळे असंच लिहितात, खरं लिहिलं तर फोन कोण करणार. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी ६७ वर्षांची आहे. ३४ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं होम लोनच्या टेबलवर, त्यामुळे घराचे कागद म्हणजे काय ते मला कळतं. १९८६ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मिस्टर २०२१ मध्ये गेले. आता तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ठाण्याला मुलीजवळ जायचं ठरवलंय. नाहीतर हे घर मी सोडलं नसतं.

आधी सी फेसिंगचं सांगते. आमच्या घराचं तोंड रस्त्याकडे आहे. समुद्र दिसतो तो मागच्या छोट्या बेडरूममधून, समोरच्या दोन बिल्डिंगच्या मधल्या फटीतून, खिडकीत उजव्या बाजूला उभं राहिलं तर. १९८६ ला सगळा माहीमचा उपसागर दिसायचा, वरळीच्या किल्ल्यापर्यंत. सी लिंकचे खांब पाण्यातून एकेक करून वर येताना आम्ही त्याच खिडकीतून बघितले आणि ३० जून २००९ ला पूल सुरू झाला त्या रात्री सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली होती, कोणीतरी पेढे आणले होते. त्यानंतर समोर एक टॉवर झाला, मग दुसरा, आणि आमचा समुद्र गेला. कोणाची तक्रार करणार, समुद्राचा देखावा ॲग्रीमेंटमध्ये कधीच लिहिलेला नसतो, आज जो घेईल त्याच्यापुढेही उद्या कोणी बांधू शकतं. हे घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

मग ते ९५०. आमच्या १९८६ च्या ॲग्रीमेंटमध्ये बिल्टअप (म्हणजे भिंतींची जाडी धरून) ७०० लिहिलंय. मी आणि जावयाने टेप लावून आतल्या आत मोजलं तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, भरलं ५८४. ९५० कुठून आलं विचारलं तर एजंट म्हणे सुपर बिल्टअप, म्हणजे जिना, पॅसेज, गच्ची, सगळ्याचा वाटा धरून. अहो पण जिन्यात कोणी पलंग टाकतं का? हे नुसतं शब्दांचं प्रकरण नाही, सरळ पैशाचं आहे. समजा तीन कोटी किंमत धरली, तर ९५० ने भागलं की फुटाचा भाव साडेएकतीस हजाराच्या आसपास येतो, घेणाऱ्याला वाटतं एरियाच्या मानाने बरंच स्वस्त मिळतंय. तेच ५८४ ने भागा, एक्कावन्न हजाराच्या वर जातो. घर तेच, किंमत तीच. पहिल्यांदाच घर घेणारी पोरं असतात, त्यांना कोण सांगणार? वर ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे १८ लाख (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, एजंटचे दोन टक्के म्हणजे आणखी सहा लाख, हा सगळा पैसा लोक कर्ज काढून, दागिने मोडून, गावची जमीन विकून उभा करतात.

नवीन बिल्डिंगला हे करता येत नाही. रेरा कायदा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा) आल्यापासून बिल्डरला कार्पेटवरच विकावं लागतं, जाहिरातीत महारेराचा, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाचा, नंबर छापावा लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा. चांगलंच झालं ते. पण आमच्यासारखा जुना फ्लॅट रिसेलला निघाला की त्याच्या जाहिरातीला कोणी विचारत नाही, ज्याला जे वाटेल ते छापतो. आणि माहीम, दादर, प्रभादेवी, वरळी ह्या किनाऱ्याच्या पट्ट्यात मध्यमवर्गी माणूस अजूनही जे काही घेऊ शकतो ते हेच जुने फ्लॅट, टॉवरमधलं त्याला परवडत नाही. म्हणजे ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती सगळ्यात कमी मिळते.

पार्किंगचं दोन ओळीत सांगते. आमच्याकडे कंपाउंडमध्ये सहा गाड्या राहतात, फ्लॅट सोळा, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा देतात, ह्या वर्षी मला आलेलीच नाही आणि आली असती तरी ती सोसायटीची, मी विकू शकत नाही. उघडं किंवा स्टिल्टचं (बिल्डिंगच्या खाली खांबांमधलं) पार्किंग हे कॉमन, बिल्डरलाही ते वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितलंय. तरी जाहिरातीत कव्हर्ड पार्किंग.

आता मुख्य गोष्ट. एजंट गिऱ्हाईक आणायला लागला तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो कधी दीडला यायचा, कधी तीनला, कधी साडेचारला, आणि वेळ पक्की, तासभर इकडेतिकडे झालं तर म्हणायचा नको, उद्या येतो. मला वाटलं त्याच्या बाकीच्या कामांमुळे असेल. मग एक दिवस सहज कालनिर्णयवर बघितलं. दीडला आला तेव्हा द्वितीया, तीनला चतुर्थी, साडेचारला षष्ठी. माझ्या दारावर ३० वर्षं मासे घेऊन येणाऱ्या कोळीण मावशीने मला हा हिशोब शिकवलाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, दोनाची पाऊणपट दीड, चाराची तीन, सहाची साडेचार. म्हणजे तो बरोबर भरतीला माणसं आणत होता! सरळ विचारलं तर नाकारलं नाही त्याने. म्हणाला, सुकतीला, म्हणजे ओहोटीला आणलं तर वास येतो, गिऱ्हाईक जिन्यातूनच परत जातं.

वास येतो हे खरंच आहे. मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन निघते, जवळपास १८ किलोमीटर शहरातून येते आणि इथे माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते, वाटेत शहर तिच्यात जे जे टाकतं ते सगळं ती आमच्या दारात आणून सोडते. भरती असते तेव्हा वरून पाणी असतं, सगळं झाकलं जातं, वारा छान येतो. सुकती झाली की चिखल उघडा पडतो आणि मग खिडकी बंद करावी लागते, त्यातही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत पाणी फार लांब ओसरतं तेव्हा जास्त. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. जो इथे राहणार त्याच्या आयुष्यात दोन्ही सारख्याच येणार आहेत, मग बघताना एकच का दाखवायची?

एजंटने मला अजून सांगितलं होतं की गिऱ्हाईक यायच्या दिवशी बाल्कनीतले बोंबील काढून ठेवा आणि घरात मासे करू नका. मी त्या दिवशी मुद्दाम केले असं नाही, पण बंदही केले नाहीत, बुधवार होता, आम्ही बुधवारी मासे खातो. एक बाई आल्या, दारातच थांबल्या, विचारलं बिल्डिंगमध्ये सगळे खातात का. म्हटलं हो, आणि खाली कोळीवाडा आहे, तिथे मासळी सुकत घालतात, थंडीत जास्त. त्या निघून गेल्या. मला त्यांचा राग नाही, ज्याचं त्याचं खाणं. उलट आत्ताच कळलं हे बरं झालं, कारण मी दुसरा प्रकारही बघितलाय. समोरच्या टॉवरमध्ये समुद्र बघून फ्लॅट घेतले आणि वर्षभरात वॉर्ड ऑफिसला पत्रं गेली की मासे सुकवायच्या बांबूंची घाण होते, वास येतो, हलवा. ज्या माणसांच्या होड्या ह्या पुळणीवर आमच्या कोणाच्याही आधीपासून लागतात, त्यांनी त्यांचे बोंबील कुठे सुकवायचे? जाहिरातीत समुद्र लिहिता तर कोळीवाडाही लिहा ना. ज्याला नको असेल तो येणारच नाही आणि ज्याला ताजी सुरमई दाराशी हवी तो धावत येईल.

हे सगळं मी आज बोलतेय, पण एकदा मी गप्प बसले होते आणि खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

२०१७ साली आमच्या चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला होता. एक तरुण जोडपं बघायला यायचं, दोघं नोकरीवाले, लालबागच्या चाळीतले, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती मुलगी जिन्यात माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, काकू तुम्ही इतकी वर्षं राहताय, बिल्डिंग कशी आहे हो? मी म्हटलं छान आहे, माणसं चांगली, हवा तर काय विचारू नकोस. ती हसली, बरं वाटलं तिला. तेव्हा सोसायटीच्या कपाटात २०१६ चा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट पडून होता आणि त्यात आमची बिल्डिंग सी टू बी कॅटेगरीत होती, म्हणजे रिकामी करायची गरज नाही पण स्ट्रक्चरल दुरुस्ती करावीच लागेल. मी कमिटीवर होते, रिपोर्ट मी स्वतः वाचला होता. विकणारे शेजारी आमच्या घरातलेच म्हणावे असे, त्यांचा व्यवहार मोडायला नको म्हणून मी बोलले नाही. सात महिन्यांनी जनरल बॉडीत ठराव झाला, प्रत्येक फ्लॅटला ५ लाख ४० हजार. त्या दोघांचा नुकताच ईएमआय सुरू झालेला, त्यावर हे. नवऱ्याने पर्सनल लोन काढलं, तिने एमएड करायचं ठरवलं होतं ते राहून गेलं. ती आजही जिन्यात भेटते, माझी पिशवी उचलून वर आणून देते, एका शब्दाने तिने मला कधी विचारलं नाही की काकू तुम्हाला माहीत होतं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

समुद्राजवळच्या बिल्डिंगला हे होतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते सांगायला हवं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. इथली हवा खारी. मीठ बरणीत ओलं होतं, पापड डब्यात मऊ पडतात, खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवलं नाही तर हाताला पोपडे लागतात, एसीचं बाहेरचं युनिट लवकर सडतं. हे सगळं दिसतं तरी. जे दिसत नाही ते भिंतीत चालू असतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून पाण्याबरोबर खार आत जातो, सळीपर्यंत पोचला की सळी गंजायला लागते, आणि गंजलेलं लोखंड फुगतं, त्याला जागा जास्त लागते, मग ते बाहेरचं काँक्रीट फोडून काढतं. आधी बीमला सळीच्या रेषेत बारीक चीर दिसते, तपकिरी डाग येतो, मग एक दिवस ढलपा खाली. लोक त्यावर पुट्टी मारून रंग देतात आणि फ्लॅट दाखवायला काढतात. माझी घेणाऱ्यांना विनंती आहे की नवा रंग बघून खूश होऊ नका, तो कशासाठी दिलाय ते विचारा. बाथरूमच्या वरचा स्लॅब बघा, बाल्कनीची खालची बाजू बघा, जिन्याचे बीम बघा, गच्चीवर जाऊन टाकीच्या खाली बघा. आणि सोसायटीकडे ऑडिट मागा. ३० वर्षांच्या वरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, महापालिका कायद्यातच आहे ते, तेव्हा नाहीये असं कोणी सांगितलं तर तेच तुमचं उत्तर समजा.

दुरुस्तीला पैसे सोसायटीकडे का नसतात असं त्या नवऱ्याने तेव्हा मीटिंगमध्ये विचारलं होतं, चिडून विचारलं होतं, पण प्रश्न बरोबर होता. उपविधीप्रमाणे (सोसायटीच्या नियमांप्रमाणे) रिपेअर फंड घ्यायचा तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी साठवायचा पैसा, पाव टक्का. पण तो बांधकाम खर्च कधीचा, तर ८०-८५ सालचा! तेव्हाच्या खर्चावर पाऊण टक्का घेऊन आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावाने जॅकेटिंग (खांब-बीमना बाहेरून नवा थर देऊन मजबूत करणं) कसं होणार? जनरल बॉडी जास्त ठरवू शकते, पण मेंटेनन्स वाढवा म्हटलं की मीटिंगमधून लोक उठून जातात. म्हणून मग एकदम लाखांची वर्गणी, आणि ती नेमकी नुकत्याच आलेल्या माणसाच्या अंगावर पडते. दुरुस्ती २०१८-१९ मध्ये झाली, चांगली झाली, पण खारी हवा काही थांबत नाही, पुन्हा ऑडिट करायचंय.

रिडेव्हलपमेंटचं पण स्पष्ट लिहिते कारण सगळ्यात जास्त फोन त्याच्यावर आले. शीतलादेवीचं मेट्रो स्टेशन २०२५ च्या मे मध्ये सुरू झालं (आमच्याकडून चालत दहा-बारा मिनिटं, दोन नाही) आणि तेव्हापासून इथे प्रत्येक जुन्या बिल्डिंगला बिल्डर येऊन बघून जातात. पूर्वी समुद्राजवळ सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) जुनाच एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) लागायचा, २०१९ च्या नोटिफिकेशनने ते सुटलं, म्हणून हा सगळा उत्साह. पण आमच्याकडे आजच्या तारखेला काय झालंय, तर एक मीटिंग. सहकार कायद्याच्या ७९ ए प्रमाणे जी पद्धत आहे, कन्सल्टंट नेमणं, फिजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, रजिस्ट्रारच्या माणसासमोर मतदान, त्यातलं काहीही सुरू झालेलं नाही. आणि होणार कसं, आमचं कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणंच, झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. बिल्डरने सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत करून द्यायचं असतं, जवळपास चाळीस वर्षं झाली. बिल्डर करून देत नाही तेव्हा सरकारकडे अर्ज करून मिळवायचं ते डीम्ड कन्व्हेयन्स, त्याची फाईल आता कुठे तयार होतेय. फायनल स्टेज म्हणजे हे? 'आज टू बीएचके घ्या, उद्या थ्री मिळेल' ह्या आशेवर कोणी ऐपतीच्या बाहेर जाऊन माझं घर घ्यावं आणि मग दहा वर्षं वाट बघत बसावं, हे मला नको.

माझ्या स्वतःच्या कागदांचं काम मात्र मी पूर्ण केलंय. मिस्टरांच्या नॉमिनेशनवर शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर झालं होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे मी बँकेत शेकडो लोकांना समजावलंय, म्हणून मुलीकडून रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करून घेतलं. १९८६ च्या ॲग्रीमेंटला स्टॅम्प कमी होता तो २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अभय योजनेत भरून टाकला. आणि रोख पैशाची बोलणी करायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवते, जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही.

आता आमच्या सेक्रेटरींचं. मी हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय हे कळल्यावर ते घरी आले. भले माणूस आहेत, मिस्टरांना हॉस्पिटलमध्ये त्यांनीच नेलं होतं. म्हणाले, वहिनी, तुम्ही जाणार ठाण्याला, आम्हाला इथेच राहायचंय, तुमच्यामुळे सगळ्या बिल्डिंगचा भाव पडेल. मुलगीही तेच म्हणते, आई एवढं कशाला, विचारलं तर सांग, आपणहून कशाला. मी दोघांचंही ऐकून घेतलं. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही, प्रत्येकाची सगळी कमाई त्याच चार भिंतीत अडकलेली आहे. पण मला चौथ्या मजल्यावरची ती मुलगी रोज जिन्यात भेटते. आणि बिल्डिंगचा भाव पडतो तो गंजलेल्या सळ्यांनी आणि न झालेल्या कन्व्हेयन्सने, माझ्या बोलण्याने नाही, ह्या दोन गोष्टी नीट केल्या तर भाव आपोआप चढेल, मग ती डीम्ड कन्व्हेयन्सची फाईल पुढे सरकवायला मीच रोज ऑफिसात बसायला तयार आहे, ठाण्याहून येईन.

आणि घरात चांगलं खूप आहे, ते सांगायलाही मला एजंटची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर पंखा लागत नाही. दोन्ही बेडरूमना खिडक्या, बाथरूमलासुद्धा, आजकालच्या घरात डक्टकडे तोंड असतं तसं नाही. पाण्याची कधी ओरड नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि सगळा तळमजला दोन रात्री आमच्या वरच्या घरांमध्ये राहिला, कोणाच्या घरात भात, कोणाच्या घरात आमटी. बुधवारी चर्चची गर्दी, डिसेंबरात दर्ग्याचा उरूस, शीतलादेवीची नवरात्र, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात मिरवणूक, हे सगळं घरापासून चालत. माझी मुलगी ह्या पुळणीवर धावायला शिकली. हे सगळं कमी आहे का, की त्याच्यावर ९५० आणि सी फेसिंग चिकटवायला लागावं?

संपादक महाराज, माझं मागणं तुमच्याकडे आहे. सरकारने कायदा करावा असंही मला वाटतं, पण ते कधी व्हायचं. तुमचा पेपर उद्यापासून एवढं करू शकतो, रिसेल फ्लॅटची जाहिरात घेताना फॉर्मवर चार रकाने ठेवा: कार्पेट किती, ओसी (बिल्डिंगमध्ये राहायला महापालिकेने दिलेला दाखला) आहे का आणि कोणत्या वर्षीची, कन्व्हेयन्स झालंय का, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी आणि काय निघालं. भरले तर छापा, नाही भरले तर त्या जागी 'माहिती दिलेली नाही' असं छापा, म्हणजे वाचणारा काय ते समजेल. शिवाय मालकाची सही घ्या, माझं घर माझ्या परवानगीशिवाय असं छापून आलं ते तरी होणार नाही. जाहिराती कमी होतील असं तुमच्या जाहिरात विभागाला वाटेल. पण माझ्यासारखे वाचक घराची जाहिरात पेपरमध्ये का बघतात, मोबाइलवर ढिगाने असताना, तर छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी बघून छापलं असेल असं अजूनही वाटतं म्हणून.

त्या एजंटला मी काम बंद करायला सांगितलंय. माझी जाहिरात मीच लिहिलीय, खाली देते, येत्या रविवारी पुरवणीत छापावी.

'माहीम पश्चिम, समुद्रापासून चालत चार मिनिटं. टू बीएचके, कार्पेट ५८४ चौ. फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ओसी १९८५ ची. छोट्या बेडरूममधून थोडा समुद्र दिसतो. पार्किंग चिठ्ठीवर, मिळेलच असं नाही. कन्व्हेयन्स बाकी, जमीन सोसायटीच्या नावावर नाही. ऑडिट २०१६, दुरुस्ती २०१९ ला पूर्ण, नवीन ऑडिट करायचं आहे, वर्गणी लागू शकते. रिडेव्हलपमेंट ठरलेलं नाही. शेजारी कोळीवाडा, मासळीचा वास येतो. वारा उत्तम, पाणी भरपूर, शेजार चांगला. कागदपत्रं पूर्ण, व्यवहार पूर्ण चेकने. घर बघायला एकदा भरतीला आणि एकदा सुकतीला यावं, वेळ मी सांगेन.'

ओळी नेहमीपेक्षा जास्त होतायत मला कळतंय, जे काय जास्तीचे पैसे होतील ते भरते, फक्त त्यातलं काही कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक, माहीम